मालक जवळ असल्याशिवाय कुत्रा जेवत नसेल तर

तुम्ही लिहिलेली अडचण थोडक्यात अशी आहे. नेरूळच्या तुमच्या घरी चिंगी नावाची अडीच वर्षांची देशी कुत्री आहे. सकाळी तुम्ही कामावर निघालात की ती दिवसभर अन्नाला तोंड लावत नाही, सासूबाईंनी दुपारी ठेवलेले भांडे तसेच पडून राहते आणि रात्री आठला तुम्ही घरात पाऊल टाकले की तेच अन्न ती दोन मिनिटांत संपवते. तेव्हाही तुम्ही उठून स्वयंपाकघरात गेलात तर ती भांडे सोडून मागे येते. घरातल्यांना हे लाड वाटतात आणि दोन दिवस उपाशी राहिली की आपोआप खाईल, असे त्यांचे म्हणणे आहे. शिवाय गणपतीला चार दिवस गावी जायचे आहे, त्या काळात तिचे कसे होईल, हाही तुमचा प्रश्न आहे.

उपाशी ठेवण्याचा सल्ला कृपया मानू नका. भुकेने वठणीवर येतो तो चोखंदळ कुत्रा; त्याला साध्या अन्नाऐवजी चिकन हवे असते आणि ते मिळणार नाही हे कळले की तो समोरचे खातो. चिंगी अन्न नाकारत नाही, कारण तेच अन्न, तेही शिळे झालेले, ती रात्री आवडीने खाते. तुमच्या गैरहजेरीत तिला खाता येत नाही, हे तिचे दुखणे आहे. खाताना कुत्र्याची मान खाली असते, नजर भांड्यात असते आणि चावण्याच्या आवाजात बाहेरचे आवाज नीट ऐकू येत नाहीत. म्हणजे तेवढा वेळ त्याला सावधपणा बाजूला ठेवावा लागतो. मनातून सुरक्षित वाटत नसेल तर ते जमत नाही. धास्तावलेल्या अवस्थेत शरीर पळण्याच्या किंवा प्रतिकार करण्याच्या तयारीत असते, पचनसंस्थेचा रक्तपुरवठा कमी होतो आणि भूक मागे पडते. अशा वेळी उपास घडवला तर धास्ती कमी होत नाही. भांडे, दुपार आणि तुमचे नसणे ही तिन्ही मात्र तिच्या मनात एकमेकांना घट्ट जोडली जातात. म्हणून आज ती जिथे निर्धास्तपणे खाते, म्हणजे तुमच्या शेजारी, तिथून सुरुवात करायची आणि अंतर इतके सावकाश वाढवायचे की ते वाढल्याची तिला दखलही घ्यावीशी वाटू नये. पुढे जे लिहीत आहे ते सगळे याच एका विचारावर उभे आहे.

मात्र त्याआधी पशुवैद्यांकडे एकदा जाऊन या. जवळ बसल्यावर खाते म्हणजे तब्येत ठणठणीत आहे, हा निष्कर्ष घाईचा ठरू शकतो, कारण दात दुखत असताना किंवा सौम्य मळमळ असताना एकटे न खाणारे कुत्रे कुणी मायेने शेजारी बसले तर थोडेफार खाते. आपल्याकडे गोचीडताप सर्रास आढळतो आणि सुरुवातीला त्यात मंदावलेल्या भुकेखेरीज फारसे काही दिसतही नाही. प्लेटलेटच्या मोजणीसह रक्ततपासणी, डॉक्टरांना गरज वाटल्यास मूत्रपिंड व यकृताच्या तपासण्या, आणि दात-हिरड्यांची पाहणी एवढे करून घ्या. कुत्र्याचे सामान्य तापमान साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते, त्यामुळे अंग हाताला गरम लागले एवढ्यावरून ताप ठरवू नका. तुम्ही शेजारी असतानाही तिने २४ तास काहीच खाल्ले नाही, वारंवार उलट्या झाल्या, हिरड्या फिकट दिसल्या किंवा तिने पाणीही सोडले, तर तो स्वभावाचा प्रश्न मानू नका आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. लहान पिल्लांच्या आणि अगदी छोट्या जातींच्या बाबतीत एवढीही वाट पाहता येत नाही, कारण त्यांच्या रक्तातील साखर लवकर उतरते.

एक बदल तुम्ही उद्यापासूनच करू शकता: दुपारचे जेवण बंद करा. पूर्ण वाढ झालेल्या निरोगी कुत्र्याला दिवसातून दोन जेवणे पुरतात आणि ती दोन्ही तुम्ही घरी असतानाच्या वेळेत बसवता येतात. सकाळचे जेवण निघण्याच्या किमान तासभर आधी द्या. बॅग भरणे, चपला शोधणे, किल्ल्यांचा आवाज हे सगळे सुरू झाल्यावर भांडे ठेवले तर ती खाण्याऐवजी तुमच्यावर पहारा ठेवेल. रात्रीही दार उघडताच भांडे पुढे करू नका. आधी तिला फिरवून आणा, पाणी द्या, अर्धा तास घर शांत होऊ द्या आणि मग वाढा, म्हणजे जेवण हा तुमच्या परतण्याच्या आनंदाचा भाग राहणार नाही. सकाळी खाणे सुरू झाले की रात्री एकदाच खाल्ल्याने होणारा लांब उपासही मोडेल. रिकाम्या पोटी पिवळसर फेसाची उलटी होते ती पुष्कळदा अशा उपासानेच. आणि आपल्या दमट हवेत शिजवलेला भात किंवा चिकन दुपारपासून रात्रीपर्यंत उघडे ठेवणे धोक्याचे आहे. वीस-पंचवीस मिनिटांत खाल्ले नाही तर काहीही न बोलता, न रागावता भांडे उचलून ठेवा.

जागेचा विचारही करा, कारण इमारतींतल्या घरांत जेवणाचे भांडे बहुधा स्वयंपाकघराच्या दारात किंवा बाहेरच्या दाराजवळ असते आणि कुत्र्याच्या दृष्टीने या दोन्ही जागा सर्वांत वर्दळीच्या असतात. घोडबंदर रस्त्यावरच्या आमच्या घरी आलेला एक कुत्रा लिफ्टचा दरवाजा वाजला की प्रत्येक घासाला थांबत असे. भांडे आतल्या खोलीत नेल्यावर त्याचे निम्मे थांबणे गेले. गुळगुळीत फरशीवर पाय सरकतात, स्टीलचे भांडे घासत पुढे जाते, गळपट्ट्याची कडी त्यावर आपटते आणि आधीच सावध असलेला कुत्रा दचकतो. भांड्याखाली रबरी चटई घाला, जेवताना गळपट्टा काढा, आणि तिच्या पाठीशी भिंत व समोर खोली दिसेल अशी जागा निवडा.

आता मुख्य सराव. पहिले काही दिवस भांड्याशेजारी जमिनीवर बसा, पण तिच्याकडे बघू नका, बोलू नका, पाठीवरून हात फिरवू नका. हातात पुस्तक किंवा निवडायची भाजी घ्या. तुमचे असणे तिला मिळत राहावे आणि तुमचे लक्ष मात्र निघून जावे, ही पहिली पायरी आहे, आणि बहुतेक लोक नेमकी तीच गाळतात. ती तुमच्याकडे न पाहता भांडे संपवू लागली की हातभर मागे सरका. पुढे जमिनीवरून खुर्चीवर या, मग खुर्ची खोलीच्या मध्यावर न्या, मग दाराच्या चौकटीत, मग तिच्याकडे पाठ करून बसा. बसलेले माणूस आणि उभे राहिलेले माणूस यांत कुत्र्याच्या लेखी फार फरक असतो, कारण उभे राहणे ही निघण्याची सुरुवात असते. त्यामुळे उभे राहण्याचा सराव करताना पुन्हा अगदी जवळ या आणि तिथून नव्याने अंतर वाढवा. त्यानंतर ती खात असताना एक पाऊल दूर जाऊन लगेच परत येणे, मग दोन पावले, मग दाराआड एका श्वासापुरते जाऊन परतणे. तिने मान वर करण्याआधी तुम्ही परतलेले असायला हवे, इतका तो काळ छोटा ठेवा. तिला भांड्याजवळ कुणी आलेले चालत असेल तर परतताना उकडलेल्या चिकनचा एखादा तुकडा भांड्यात टाकून पुन्हा निघा, म्हणजे तुमचे जाणे-येणे तिला फायद्याचे वाटू लागेल. मात्र तुम्ही जवळ येताच ती ताठरत असेल किंवा गुरगुरत असेल, तर हे अजिबात करू नका.

अंतर जास्त झाले हे ओळखायला तिच्या तोंडाकडे आणि कानांकडे लक्ष द्या. एक कान तुमच्या दिशेने वळला पण चावणे चालू राहिले, तर ठीक आहे. चावणे थांबले, मान वर झाली, किंवा ती एकाएकी अधाशासारखी गिळू लागली, तर पायरी मोठी झाली असे समजा. भराभर गिळणे पाहून लोकांना आनंद होतो, पण पुष्कळदा ती घाई तुमच्या मागे येता यावे म्हणून असते. अशा वेळी पुढच्या जेवणाला अंतर निम्म्यावर आणा. दिवसात जेवणे दोनच असल्याने सरावाला संधी कमी मिळते. म्हणून प्रत्येक जेवणाचे तीन-चार छोटे भाग करा आणि त्यांतला एखादाच भाग अवघड ठेवा, बाकीचे सोपे. ढगांचा गडगडाट, ढोल-ताशे किंवा फटाके चालू असतील त्या दिवशी सराव सोडून सरळ तिच्याजवळ बसा. या कामाला आठवडे लागतात, काही कुत्र्यांना महिने लागतात. याबाबत तुम्हाला खोटा दिलासा द्यावासा वाटत नाही.

घरातल्यांच्या लाडांच्या आक्षेपालाही उत्तर द्यायला हवे, कारण त्यांच्या सहकार्याशिवाय हे होणार नाही. घाबरलेल्या प्राण्याजवळ बसल्याने त्याची भीती वाढत नाही. सवय बिघडते ती वेगळ्या गोष्टीने: तिने तोंड फिरवले की अन्नावर तूप घालणे, मग अंडे, मग चिकन, मग हाताने भरवणे. यातून ती थांबायला शिकते. शेजारी बसा, मात्र भांड्यातले अन्न बदलू नका. फोडणीची आमटी-भाजी मिसळण्याचा मोह तर टाळाच, कारण कांदा आणि लसूण कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशींना अपाय करतात.

सासूबाई दिवसभर घरी असूनही ती खात नाही, म्हणजे एकटेपणापेक्षा तुमचे नसणे तिला अधिक भारी जाते. तेव्हा जेवणाचे काम हळूहळू त्यांच्याकडे सोपवा. सुरुवातीला भांडे त्यांनी ठेवावे आणि शेजारी तुम्ही दोघींनी बसावे. मग तुम्ही वर लिहिल्याप्रमाणे मागे सरकत जावे आणि त्या तिथेच राहाव्यात. दिवसातली एक छोटी फेरी आणि आवडीचा खाऊ त्यांच्या हातून मिळू द्या. त्यांना वाकणे जमत नसेल तर खुर्चीत बसूनही हे सगळे करता येते.

एक खबरदारी मला फार महत्त्वाची वाटते: तुमच्या बाहेर पडण्याच्या वेळी तिला चाटायचा किंवा कुरतडायचा खाऊ देऊन हळूच सटकू नका. खाऊ मिळाला की माणूस नाहीसे होते, हे कुत्र्याच्या चार-दोन वेळांत लक्षात येते आणि मग तो खाऊच संशयास्पद होतो. खाणे आणि एकटे राहणे हे दोन धडे बराच काळ वेगळे ठेवा. दुसऱ्या धड्याची गरज किती आहे हे पाहण्यासाठी घरात कुणीच नसेल अशा वेळी जुना मोबाईल लावून चित्रीकरण करा आणि पहिला अर्धा तास नीट पाहा. ती दाराशी येरझाऱ्या घालते, धापा टाकते, लाळ गाळते, रडते किंवा दार ओरबाडते असे दिसले, तर हा विरहाचा गंभीर त्रास आहे आणि केवळ जेवणाच्या सरावाने तो हटणार नाही. वर्तनसमस्यांवर काम करणाऱ्या पशुवैद्यांना ते चित्रीकरण दाखवा. अशा त्रासात फ्लुऑक्सेटिन किंवा क्लोमिप्रामिन ही औषधे सरावाच्या जोडीला दिली जातात. त्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. फ्लुऑक्सेटिनने भूक मंदावू शकते, म्हणून चिंगीच्या जेवणाची अडचण डॉक्टरांना आधीच सांगा. माणसांसाठी घरात असलेली गोळी स्वतःच्या मनाने कधीही देऊ नका.

राहता राहिला गणपतीचा प्रवास. तोवर ती पूर्ण बदलेल असे गृहीत धरू नका. स्वतःच्या गाडीने जाणार असाल तर तिला सोबत नेणे सर्वांत चांगले. तिचे भांडे, चटई आणि नेहमीचे अन्न बरोबर घ्या, गावच्या घरातली आतली शांत खोली तिला द्या आणि तिथे पुन्हा पहिल्या दिवसासारखे शेजारी बसून जेवू घाला. नेणे शक्य नसेल तर ऐरोलीला राहणाऱ्या नणंदेचा तुम्ही उल्लेख केला आहे, तो पर्याय अनोळखी श्वाननिवासापेक्षा कितीतरी बरा आहे. आतापासून दर रविवारी चिंगीला तिच्याकडे न्या, तिथे तुमच्या उपस्थितीत नणंदेच्या हातून एक जेवण होऊ द्या, मग तुम्ही दुसऱ्या खोलीत बसा, आणि जाण्यापूर्वी एखादी रात्र तिला तिथे ठेवून पाहा. निघताना तुमचा वापरलेला, न धुतलेला कुर्ता तिच्या अंथरुणावर राहू द्या. जेवताना तिच्याशेजारी शांतपणे बसावे, आग्रह करू नये आणि २४ तासांत काहीच खाल्ले नाही तर तुमच्या फोनची वाट न पाहता डॉक्टरांकडे न्यावे, हे नणंदेला दवाखान्याच्या पत्त्यासह कागदावर लिहून द्या.