लहानपणीचे खेळ आणि पुस्तकं आठ वर्षांच्या मुलीला कशी शिकवावीत, आणि त्यांची 'बरोबर' मराठी नावं कोणती?

तुम्ही मूळच्या बेळगावातल्या वडगावच्या, आता पुण्यात स्थायिक, मुलगी आठ वर्षांची, तिला आपले जुने खेळ शिकवायचेत आणि कुठली पुस्तकं, कुठली खेळणी घ्यावीत असं विचारलंय. त्याचं सांगते पुढं. पण प्रश्नाच्या शेवटी तुम्ही लिहिलंय की 'आमच्याकडं चिन्नी, बुगरी, गजगं असले कानडी मिसळलेले चुकीचे शब्द वापरायचे, त्यांची बरोबर मराठी नावं सांगा', त्या एका ओळीमुळं मी लिहायला बसलेय. मी शहापूरची, म्हणजे तुमच्या शेजारचीच. त्यात चुकीचं काहीही नाही. चिन्नी म्हणजे विटी, बुगरी म्हणजे भोवरा. गजगा तर मराठीच आहे, सागरगोट्याचंच दुसरं नाव, कन्नडात त्याला गज्जुग म्हणतात. आता कोणी कोणाचं घेतलं ते भांडत बसा.

हे मी एवढ्या ठामपणे का सांगते त्याला एक कारण आहे, जरा लांबेल पण ऐका.

1979 चा मे महिना. मी चौथी पास होऊन पाचवीत जाणार होते. आमच्या घरात पुढच्या सोप्यात दोन हातमाग, आई दिवसभर कांड्या, म्हणजे सूत गुंडाळायच्या नळ्या, भरायची, आणि रिकाम्या कांड्या म्हणजे आमची खेळणी, चार कांड्यांची गाडी व्हायची, मागावर सूत इकडून तिकडं नेणारा धोटा तुटका मिळाला तर होडी, पावसाळ्यात गटारीच्या पाण्यात सोडायला. विकतची खेळणी म्हणाल तर आजीनं एकदा गोकाकहून रंगीत फळं आणली होती, आंबा, सीताफळ, मिरची, इतकी हुबेहूब की धाकट्या भावानं मिरचीला दात लावला होता. ती फळं वर्षातून फक्त दिवाळीत आणि गौरीपुढं मांडायला बाहेर निघायची, खेळायला हात लावू द्यायचे नाहीत. असो.

तर मे महिन्यात पुण्याची आत्या माहेरपणाला यायची, बरोबर तिचा मुलगा, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा, आम्ही त्याला दादाच म्हणायचो. समोरच्या घरात कानडी बोलणारं कुटुंब, त्यांची थोरली मुलगी माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, ती अख्ख्या गल्लीची अक्का. मराठी घरातली पोरंसुद्धा तिला अक्काच म्हणायची. गल्लीच्या मागं शिवार, भाताची सुगी कधीच संपलेली, मळणीचं खळं मोकळं पडलेलं, तिथं आम्ही सकाळपासून विटीदांडू खेळायचो. लांब राजहंसगड दिसायचा. मुलींनी विटीदांडू खेळायचा नाही म्हणून आजी ओरडायची, पण अक्का असली की मला पाठवायची, कारण अक्कावर तिचा विश्वास.

त्या दिवशी मी मारलेली विटी पार बांधाच्या पलीकडं गेली. दादा दांडूनं अंतर मोजत आला, वकट, लेंड, मूंड, नाल करत. तुम्हाला माहीतच आहे, मोजणी ज्या शब्दावर संपेल तसा पुढचा टोला, कुणाला पायावर तर कुणाला मुठीवर. आणि मी आनंदानं ओरडले, चिन्नी दे की रे इकडं, माझा डाव आहे. तो थांबला आणि सगळ्या पोरांसमोर हसला. म्हणाला, चिन्नी काय चिन्नी, विटी म्हण. करायलास, जायलास, चिन्नी, बुगरी, तुम्ही बेळगाववाले धड मराठी नाही आणि धड कानडी नाही.

मला फार लागलं ते. अक्का बाजूला उभी होती, ती काही बोलली नाही, पण तिचा चेहरा उतरलेला मला आजही दिसतो. मग मी जोर करून म्हणलं, तू तरी मोजताना नाल म्हणतोस की, नाल म्हणजे नाल्कु, ते पण कानडीच आहे. आम्ही कवड्यांचा चौकाबारा खेळताना अक्का ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु असं मोजायची, त्यामुळं मला आकडे येत होते. पण दादा हुशार होता. तो म्हणाला, मग वकट कुठून आलं सांग? कानडीत ओंदु म्हणतात ना? लेंड कुठून आलं, एरडु म्हणतात ना? आमच्याकडं पुण्यात सगळी पोरं असंच मोजतात, हे शुद्ध मराठी आहे. मी अक्काकडं बघितलं, तिलाही काही सांगता येईना. वकट कानडीत नाही हे खरंच होतं. मी दांडू तिथंच टाकून घरी आले. ती सुट्टी संपेपर्यंत त्याच्यासमोर विटी म्हणत होते, आणि तो पुण्याला गेल्यावर परत चिन्नी. एक शब्द घरातला आणि एक पाहुण्यांसमोरचा, असं दहा वर्षांच्या मुलीला करायला लागणं मला बरोबर वाटत नाही, तेव्हाही वाटलं नव्हतं, नुसतं सांगता आलं नव्हतं.

त्याच जूनमध्ये, पाऊस लागल्यावर, बाहेरचे खेळ बंद झाले आणि अक्काच्या घरी बैठक सुरू झाली. आमच्याकडं चांदोबा मासिक यायचं, त्यांच्याकडं त्याचंच कन्नड चंदमामा. एके दिवशी दोन्ही अंक शेजारी पडले होते आणि आमच्या लक्षात आलं की चित्रं तीच आहेत. अगदी तीच, त्याच पानावर, तोच राजा खांद्यावर प्रेत टाकून चाललाय, हातात तीच तलवार. माझ्या अंकात वेताळ, तिच्या अंकात बेताळ. मग आमचा खेळच झाला तो. चित्राखालची ओळ मी मराठीत वाचायची, अक्का कन्नडात, आणि कुठला शब्द कुठं बसतो ते बोटानं शोधायचं. मी विचारलं, तुमच्या अक्षरांवर रेघ का नाही? तर ती म्हणाली, तुमच्या अक्षरांवर दोरी आहे, त्यांना वाळत घातलंय, आमच्या अक्षरांनी फेटा बांधलाय. कन्नडात अक्षरावरच्या त्या वळणाला तलकट्टु म्हणतात, म्हणजे डोक्याला बांधलेलं. दिवाळीपर्यंत मला कन्नड वाचता यायला लागलं आणि अक्काला मराठी. कुणी शिकवणी लावली नाही, कुणी छडी मारली नाही. पुढं नोकरीत त्या कन्नडाच्या जिवावर मी तीस वर्षं काढली, आणि अक्का आज हुबळीत असून रोज मराठी पेपर वाचते.

आता वकट. 1998 साली आम्ही घरचे सगळे रेल्वेनं तिरुपतीला गेलो. परतीच्या प्रवासात समोरच्या बाकावर एक आजी आणि तिची नात, तीनेक वर्षांची असेल, रडत होती. आजीनं तिची बोटं एकेक करून धरली आणि मोजायला लागली, ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. मी हातातला डबा खाली ठेवला. परत म्हणायला लावलं तिला, खुणेनंच, कारण मला तेलुगू येत नाही. ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. वकट, लेंड, मूंड, नाल. अंगावर काटा आला. पुढं आमच्यात आर यायचं, तेलुगूत सहाला आरु, कन्नडातसुद्धा आरु. एकोणीस वर्षं मी ज्याचं उत्तर शोधत होते ते गाडीत एका आजीनं नातीचं रडं थांबवताना दिलं. दादा म्हणत होता ते अर्धं खरं होतं, वकट कानडी नाही. पण ते त्याचं शुद्ध मराठीही नाही, ते त्याहून लांबचं आहे, आणि पुण्यातली पोरं ते पिढ्यानपिढ्या म्हणत आलीत आणि कुणाचं काही बिघडलं नाही.

त्यानंतर एका लग्नात दादा भेटला. पंगतीतच सांगितलं त्याला. म्हणाला, योगायोग असेल, एखादा शब्द जुळतो. एक शब्द जुळला तर योगायोग म्हणू की, चार शब्द त्याच क्रमानं जुळले तर काय म्हणायचं? त्यावर म्हणाला सोलापूरच्या तेलुगू विणकरांकडून आलं असेल. असेल ना, मी कुठं नाही म्हणते, मग तेच तर मी सांगतेय, की माणसं आली, त्यांच्याबरोबर त्यांचे आकडे आले आणि खेळात बसले, तसंच आमच्याकडं चिन्नी आलं आणि बुगरी आली. तुमचं आलेलं शुद्ध आणि आमचं आलेलं भेसळ, हा न्याय कुठला? आणि ज्या चांदोबावर तो आणि मी दोघं वाढलो, तोसुद्धा मद्रासला निघायचा, 1947 मध्ये आधी तेलुगू आणि तमिळमध्ये सुरू झाला, मराठीत आला 1952 मध्ये. म्हणून तो कमी मराठी झाला का? तूप हा शब्द कन्नड तुप्पशी जुळतो म्हणून पुण्यात कुणी वरणावर तूप वाढायचं सोडलं नाही.

तर तुमच्या प्रश्नाचं. मुलीला शिकवताना तुमच्या आईनं जे शब्द वापरले तेच वापरा. चिन्नीदांडू म्हणा, बुगरी म्हणा, आणि हेही सांगा की त्यालाच विटी म्हणतात, भोवरा म्हणतात. दोन शब्द आले तर मुलीचं नुकसान काय? पुण्यात शाळेत कुणी हसलं तर तिला वकट लेंडची गोष्ट सांगून ठेवा, ती उपयोगी पडेल.

पुस्तकांमध्ये किशोर मासिकापासून सुरुवात करा, बालभारतीचं, 1971 पासूनचं आहे, आणि जुने अंक त्यांनी ऑनलाइन मोफत ठेवलेत, तुम्ही लहानपणी वाचलेला अंकच काढून तिला दाखवता येईल. मोबाइलवर नको, प्रिंट काढा. चांदोबा आता निघत नाही, पण रद्दीवाल्यांकडं जुने अंक मिळतात, मिळाला तर एक मराठी आणि एक कन्नड असा जोड शोधा. एकाच महिन्याचा जोड मिळायला वेळ लागेल, पण मिळाला तर बघा काय होतं ते. खेळण्यांवर फार पैसे घालू नका. चौकाबारा खडूनं फरशीवर पाच बाय पाच घरं आखून होतो, कवड्या नसल्या तर चिंचोके एका बाजूनं घासून पांढरे करा, आम्ही तेच वापरायचो. भातुकली घ्यायचीच असेल तर आंबोली उतरून सावंतवाडीला जा, लाकडी मिळते, आणि गोकाकला गेलात तर फळं घ्या, पण आमच्या आजीसारखी कपाटात ठेवू नका, खेळू द्या तिला, मोडली तर मोडली. लगोरी आणि गजगे हे दोन खेळ आधी शिकवा, पुण्यात सोसायटीत तेवढीच जागा असते.

एक सांगायचं राहिलं. विटीदांडू शिकवताना मधे दुसरी मुलं उभी राहू देऊ नका. विटी डोळ्यावर बसली तर डोळा जातो, आमच्या गल्लीत थोडक्यात वाचलेलं मी बघितलंय. मोकळं मैदान नसेल तर नकोच.

आणखी एक, कारण हे वाचून कुणीतरी मला दुसऱ्याच खात्यात टाकेल. 1956 साली 1 नोव्हेंबरला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, आमच्या घरात तो काळा दिन म्हणून पाळला जायचा, मीही पाळते. इथली मराठी शाळा पट कमी म्हणून बंद झाली की माझ्या पोटात तुटतं. 2014 ला गावाचं नाव बेळगावी झालं तरी मी बेळगावच म्हणते. हे सगळं आहे, आणि तरी चिन्नी हा माझा शब्द आहे, माझ्या आईच्या तोंडचा, तो मी कुणाला चुकीचा म्हणू देणार नाही. मी काही भाषातज्ज्ञ नाही, जे कानांनी ऐकलं ते सांगितलं. दादा आता रिटायर झालाय आणि फॅमिली ग्रुपवर 'मुलांना शुद्ध शब्द शिकवा' म्हणून याद्या पाठवत असतो, तशी एखादी यादी तुमच्याकडं आली असेल तर बाजूला ठेवा.

तुमच्या आई वडगावच्या आहेत ना, मग माझं एक काम करा. त्यांना विचारा की विटीदांडूत नालच्या नंतर ओळीनं काय काय म्हणायच्या. मला एक आठवतं, अक्काला दुसरं, गेल्या गणपतीत फोनवर आमचा अर्धा तास त्यावरच गेला. आर कितव्या नंबरला यायचं ते नीट विचारा आणि मला कळवा.