ताईंनी बेलापूरमधून अपक्ष लढावं का?

प्रश्न थोडक्यात असा: नेरूळमध्ये झाडं, होल्डिंग पाँड (पावसाचं आणि भरतीचं पाणी साठवणारे तलाव) आणि पाणथळ जागांसाठी वर्षानुवर्षं झटलेल्या एका ताईंनी 2029 ची विधानसभा बेलापूरमधून अपक्ष लढवावी, असा त्यांच्या सहकाऱ्यांचा आग्रह आहे. लढवावी का, आणि तयारी कुठून सुरू करावी? ठाणे आणि नवी मुंबईत अपक्षांच्या कागदपत्रांचं आणि बूथचं काम मी केलंय, त्यावरून सांगतो.

लढवावी. मात्र प्रश्न मंत्रालयातून सुटणारा घेऊन लढवावी. गटार, पथदिवे, कचरा यावर मतं मागितली की पहिल्याच सोसायटीत कुणीतरी विचारणार, "ताई, हे तर नगरसेवकाचं काम, तुम्ही आमदार होऊन काय करणार?" नवी मुंबईत या प्रश्नाला भक्कम उत्तर आहे, आणि ते बहुतेक उमेदवार नीट देतच नाहीत. इथली जमीन 1970 साली स्थापन झालेल्या सिडकोकडे, आणि सिडको राज्य सरकारची कंपनी. आपली घरं भाडेपट्ट्याच्या जमिनीवर, म्हणून घर विकताना सिडकोचं हस्तांतरण शुल्क आणि परवानगी लागते. गावठाणात मूळ गावकऱ्यांनी गरजेपोटी, परवानगीशिवाय बांधलेल्या घरांचे निर्णय नगरविकास खात्यातून निघतात. तलावाशेजारचा भूखंड मोकळा राहणार की त्यावर टॉवर येणार, हे ज्या विकास आराखड्यात ठरतं त्यालाही शेवटची मंजुरी राज्य सरकारच देतं. ताईंचा पाणथळीचा लढा, सेक्टरमधल्या फ्लॅटधारकाचा भाडेपट्टा आणि करावे-दारावे गावातलं घर, तिन्ही धागे एकाच दाराशी जातात. हे त्यांना पाच मिनिटांत, पत्रक न वाचता, समजावून सांगता आलं पाहिजे.

"अपक्ष आमदाराला निधी कोण देणार?" हे दुसरं हमखास येणारं वाक्य. आमदार स्थानिक विकास निधी वर्षाला 5 कोटी रुपये असतो आणि तो आमदाराला पक्ष बघून मिळत नाही. विधानसभेतली तारांकित प्रश्न (ज्याला मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचं असतं), लक्षवेधी सूचना, आमदाराने स्वतः मांडायचं अशासकीय विधेयक ही हत्यारंही अपक्षाला तितकीच खुली आहेत. ज्यांनी माहिती अधिकारात फाइली उपसल्या आहेत त्यांच्या हातात तारांकित प्रश्न काय करू शकेल, याची कल्पना मला मनापासून उत्साह देते.

आता कठीण भाग. लोक आंदोलकाचा आदर करतात, सह्या देतात, मोर्चाला येतात आणि मत दुसऱ्याला देतात. मणिपूरमध्ये सोळा वर्षं उपोषण केलेल्या इरोम शर्मिला यांना 2017 च्या विधानसभेला फक्त 90 मतं मिळाली. त्यांचा पक्ष जेमतेम काही महिन्यांचा होता. आपल्याकडे मृणाल गोरे 1972 साली विधानसभेत गेल्या, पण त्याआधी 1961 पासून त्या मुंबई महापालिकेत होत्या आणि गोरेगावच्या चाळीचाळींत पाण्याच्या प्रश्नावर बायकांची फळी उभी होती. दि. बा. पाटलांमागे 1984 चं जासईचं, सिडकोने घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्यासाठीचं शेतकऱ्यांचं आंदोलन होतं, तशी त्याच्या कितीतरी आधीपासूनची शेतकरी कामगार पक्षाची गावागावांतली बांधणीही होती.

बेलापूरमध्ये मतदार चार लाखांहून जास्त. एका केंद्रावर हजार-बाराशे धरले तरी साडेतीनशेच्या वर केंद्रं होतात, आणि प्रत्येकावर सकाळी मॉक पोलला (मतदानाआधीच्या यंत्र-चाचणीला) हजर राहणारा, संध्याकाळी 17-सी फॉर्मची, म्हणजे केंद्रावर पडलेल्या मतांच्या हिशेबाची, प्रत घेऊनच निघणारा माणूस हवा. तुमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधली किती माणसं दिवसभर बूथवर बसतील, ते आजच विचारून बघा. मतदार यादी घेऊन सोसायटीवार बसा. माथाडी आणि मार्केटमधली कितीतरी कुटुंबं मतदानाला साताऱ्याला, जुन्नरला गावी जातात; त्यांच्या घरी चार फेऱ्या मारून त्यांचं नाव इथल्या यादीत आहे का हेच माहीत नसेल, तर फेऱ्या वाया.

गावांकडे मात्र आधी जा. दिवाळे, सारसोळे इथल्या कोळी बांधवांना तिवरं तुटली की खाडीतली मासळी कमी होते हे कुणी शिकवावं लागत नाही. तरीही आजवर आपले पर्यावरणाचे कार्यक्रम सेक्टरमधल्या लोकांचे राहिले. गावकीच्या बैठकीत ताईंनी बोलण्यापेक्षा ऐकायला बसावं, आणि निवडणूक जाहीर होण्याच्या खूप आधी बसावं.

सगळ्यात जास्त त्रास देईल तो आरोप मतं फोडल्याचा. 2014 ला बेलापूरचा निकाल 1,491 मतांनी लागला, 2024 ला तर 377 मतांनी. एवढ्या फरकाच्या जागी अपक्षाने दोन हजार मतं घेतली तरी हरलेली बाजू त्याच्याकडे बोट दाखवते, आणि ते बोट बहुधा आपल्याच आंदोलनातल्या मित्रांचं असतं. मैत्र्या तुटतात यावरून. म्हणून अर्ज भरायच्या आधी सगळ्यांना एकत्र बसवून बोला: आपण जिंकायला लढतोय की सिडकोचा प्रश्न ऐरणीवर आणायला? दोन्ही कारणं चांगली आहेत, पण खर्च, भाषा आणि शेवटच्या आठवड्यातले निर्णय दोन्हींत वेगळे होतात. कुणी माघारीसाठी भेटायला आलं तर काय सांगायचं, हेही त्याच बैठकीत ठरवा.

कागदांचं पटकन सांगतो. अनामत 10,000 रुपये, अनुसूचित जाती-जमातींसाठी 5,000. ती वाचायला वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं लागतात; सव्वादोन लाख मतं पडली तर साडेसदतीस हजारांच्या वर. अपक्षाला त्याच मतदारसंघातले दहा सूचक, म्हणजे अर्जावर नाव सुचवून सही करणारे मतदार, लागतात. बारा-पंधरा तयार ठेवा आणि यादीतला भाग व अनुक्रमांक स्वतः तपासा. खर्चाचं वेगळं बँक खातं अर्जाच्या निदान एक दिवस आधी उघडलेलं हवं. मालमत्ता आणि गुन्ह्यांची माहिती द्यायच्या नमुना 26 च्या शपथपत्रात एकही रकाना कोरा सोडू नका, 'निरंक' किंवा 'लागू नाही' लिहा; कोऱ्या रकान्यांवरून अर्ज बाद होतात. उमेदवाराची राज्यघटनेशी निष्ठेची शपथ छाननीच्या आदल्या दिवसापर्यंत घेतलेली असावी.

आंदोलकांसाठी खास धोका गुन्ह्यांचा. जमावबंदी मोडली, रस्ता अडवला, असे जुने गुन्हे विस्मरणात जातात. प्रलंबित गुन्ह्यामुळे उमेदवारी जात नाही, पण तो लपवला असा आरोप झाला तर सगळी प्रतिमा जाते. ताईंनी जिथे जिथे आंदोलन केलं त्या प्रत्येक पोलीस ठाण्याला लेखी अर्ज देऊन गुन्हा क्रमांक, कलमं, कोर्ट ही माहिती आत्ताच मिळवावी. हे गुन्हे वर्तमानपत्रात आणि टीव्हीवर तीनदा प्रसिद्ध करावे लागतात, तोही खर्च धरा. त्या जाहिरातीबरोबरच आंदोलन कशासाठी होतं हे ताईंनी स्वतः घरोघर सांगावं. त्यांच्यासारखीला ते सांगण्यात कसलाही कमीपणा नाही.

खर्चाची मर्यादा गेल्या वेळी 40 लाख होती. तुमचा आकडा त्याच्या जवळपासही जाणार नाही, तरी रोजचं रजिस्टर लिहावंच लागतं, आणि निकालानंतर तीस दिवसांत हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो. हरलेले अपक्ष थकून हे सोडून देतात आणि तीन वर्षांसाठी अपात्र ठरू शकतात, म्हणजे पुढची महापालिकाही हातची जाते. ग्रुपमध्ये कुणी निवृत्त बँकवाले किंवा लेखापरीक्षक असतील तर त्यांना प्रचाराला पाठवू नका, हे एकच काम द्या आणि हिशेबाची पोच हातात येईपर्यंत त्यांना मोकळं करू नका.