काउंटर शून्य दाखवतो तेव्हा

प्रश्न : १९५८ साली एक्स्प्लोरर-१ उपग्रहावरच्या गायगर काउंटरने जास्त उंचीवर शून्य दाखवलं आणि तिथेच पृथ्वीभोवतीचा किरणोत्सर्गाचा पट्टा निघाला, असं वाचलं. शून्यावरून पट्टा कसा कळला? आमच्या प्रयोगशाळेतल्या जी.एम. काउंटरवर हे पडताळता येईल का?
— बी.एस्सी.ची विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : गायगर काउंटर म्हणजेच तुमचा जी.एम. काउंटर, किरणोत्सर्गाचे कण मोजणारं यंत्र. कण शिरून त्याच्या नळीत विजेची एक पल्स (ठोका) उमटली की साधारण १०० मायक्रोसेकंद नळीला पुढचा कण टिपता येत नाही. हा डेड टाइम. कणांचा मारा फारच वाढला, तर नळी सावरायच्या आतच पुढचा कण येतो, पल्स खुजी राहते, मोजणी-सर्किटची किमान पातळी गाठत नाही आणि आकडा शून्यावर येतो. मार्च १९५८ मधल्या एक्स्प्लोरर-३ वर टेपरेकॉर्डर होता, म्हणून अख्ख्या कक्षेची नोंद हाती आली : उंचीबरोबर आकडा चढत जातो आणि मग एकदम शून्य. उपग्रहावरच्या या काउंटरचे प्रमुख शास्त्रज्ञ जेम्स व्हॅन ॲलन यांचे सहकारी कार्ल मॅकिलवेन यांनी तशीच नळी एक्स-रे यंत्रासमोर धरली. तीव्र माऱ्यात तीही गप्प झाली. म्हणजे वरचं शून्य कण नसल्याचं नव्हतं, फारच जास्त असल्याचं होतं.

प्रयोगशाळेतले सोर्स (किरणोत्सर्गी नमुने) इतके तीव्र नसतात, नसावेतच. पण डेड टाइम नक्की मोजता येतो. आधी बॅकग्राउंड, म्हणजे सोर्स नसतानाचा आकडा, मोजा आणि पुढच्या प्रत्येक आकड्यातून वजा करा. सोर्स ‘क’ एकटा मोजा. तो जराही न हलवता शेजारी ‘ख’ ठेवून दोन्ही मोजा, मग चिमट्याने ‘क’ उचलून ‘ख’ एकटा मोजा. रिकाम्या जागी तशीच कोरी चकती ठेवायला विसरू नका, नाहीतर विखुरणारे कण बदलतात. एकेकट्या दरांच्या बेरजेतून एकत्र दर वजा करा आणि एकेकट्या दोन दरांच्या गुणाकाराच्या दुपटीने भागा, की डेड टाइम मिळतो.

बहुतेकांचं इथेच फसतं, कारण ते मिनिटभरच मोजतात. दोन्ही सोर्स सेकंदाला २०० पल्स देत असतील, तर मिनिटात बेरीज आणि एकत्र आकडा यांत फरक पडतो ४८० चा आणि त्यातच अनिश्चितता सुमारे २२० ची. दहा मिनिटं मोजलं की फरक ४,८००, अनिश्चितता ६९० च्या आसपास. घाई करू नका.

गायगर नळीची प्रत्येक पल्स सारखीच, त्यामुळे इलेक्ट्रॉन की प्रोटॉन हे तिला सांगता येत नाही. आताच्या उपग्रहांवर सिलिकॉनच्या चकत्या एकामागे एक लावतात. कुठल्या चकतीत किती ऊर्जा सुटली, यावरून कण ओळखतात. त्यांनाही गर्दी बाधते : दोन कण एकदम आले तर जास्त ऊर्जेचा एकच कण मोजला जातो, आणि बाजूचं कवच भेदून आलेला प्रोटॉन इलेक्ट्रॉनच्या खात्यात पडू शकतो.