कुंडीत उगवलेली खाजोटी: घाबरायचं किती आणि उपटायची कशी

ताई, तुमचा प्रश्न आणि त्याखालच्या प्रतिक्रिया वाचल्या. नर्सरीतून आणलेल्या अँथुरियमच्या कुंडीत दातेरी पानांची पाच-सहा रोपं उगवली, उपटायला गेलात तर हाताची आग झाली, मोबाइलच्या अ‍ॅपने 'लापोर्टिया एस्ट्युअन्स' असं शास्त्रीय नाव दाखवलं आणि 'ही परदेशी आक्रमक वनस्पती आहे' असं कुणीतरी लिहिलं. आता सगळ्या कुंड्या फेकून द्याव्यात का, असं तुम्ही विचारलं आहे. कुंड्या फेकू नका. पण ती रोपं फुलून बी धरायच्या आत निघायलाच हवीत. का आणि कशी, ते सविस्तर लिहिते. मी कोकणात बावीस वर्षं रोपवाटिका चालवते आणि या वनस्पतीशी माझी दर पावसाळ्यात गाठ पडते.

आधी हाताचं बघा. चोळू नका, खाजवू नका. पाण्याच्या धारेखाली साबणाने हलकेच धुवा, कोरडं झालं की त्या जागेवर चिकटपट्टी लावून ओढून काढा, म्हणजे कातडीत अडकलेले केस तिच्याबरोबर निघतात. मग गार पाण्याची पट्टी. आमच्याकडे पित्त उठलं की आमसुलाचं पाणी लावतात, तसं इथेही लावतात. त्याने थंड वाटतं, पण धुणं आणि चिकटपट्टी आधी. ओठ किंवा डोळे सुजले, श्वासाला त्रास झाला तर घरगुती उपाय करत बसू नका, सरळ डॉक्टर गाठा. अंगावर पित्त उठण्याला डॉक्टर 'अर्टिकेरिया' म्हणतात, तो शब्दही याच कुळातल्या 'अर्टिका' या नावावरून आला आहे.

एका सदस्याने हिला खाजकुयली म्हटलंय. ती ही नव्हे. खाजकुयली हा शेंगांचा वेल, त्याची खाज शेंगेवरच्या लवेची. ही उभी वाढणारी, वर्षभरात संपणारी रोपटी आहे आणि हिच्या पानांवर, देठांवर, खोडावर दंश करणारे केस असतात. भिंगाखाली एकदा बघा, हात न लावता. फुगीर हिरव्या बुडख्यावर काचेसारखी एक सुई उभी असते आणि टोकाला बारीकसा मणी. धक्का लागला की तो मणी तिरका तुटतो, उरलेलं टोक इंजेक्शनच्या सुईसारखं होतं आणि आतला द्रव कातडीत उतरतो. ही आग मुंगीच्या आम्लाची, असं पूर्वी सांगत. युरोपातल्या खाजऱ्या वनस्पतीवर १९४० च्या दशकात काम झालं, तेव्हा त्या द्रवात हिस्टामीन आणि अ‍ॅसिटिलकोलीन ही आग-खाज उठवणारी रसायनं सापडली. वाळलेल्या काडीवरचे केसही टोचतात, म्हणून उपटून सुकत टाकलेल्या ढिगाला उघडा हात लावू नका.

आता नावाचं. पानावरून अ‍ॅपने सांगितलेल्या नावावर या बाबतीत अजिबात विसंबू नका. लापोर्टियाच्या दोन जाती पानांवरून जवळजवळ सारख्या दिसतात: अंड्याच्या आकाराचं दातेरी पान आणि लांब देठ. त्यांतली एक आपलीच, लापोर्टिया इंटरप्टा. पावसाळ्यात गडग्याच्या कडेला, गोठ्यामागे, पडक्या जोत्यावर उगवते. आमच्याकडे तिला खाजोटी म्हणतात, काही जण आग्याही म्हणतात, पण आग्या हे नाव गावागावात वेगवेगळ्या आग करणाऱ्या झाडांना आहे. दुसरी लापोर्टिया एस्ट्युअन्स. आफ्रिकेच्या आणि अमेरिकेच्या उष्ण भागांत ती भरपूर आहे. इंग्रजीत तिला वेस्ट इंडियन वुडनेटल म्हणतात. पश्चिम आफ्रिकेत तिची कोवळी पानं शिजवून भाजीसारखी खातात, आणि तिथेच ती शेतातलं तणही आहे.

फरक कळतो तो फुलोऱ्यात. पानाच्या बेचक्यातून एकच लांब बारीक दोरी निघाली असेल आणि तिच्यावर थोड्या थोड्या अंतराने हिरव्या गाठी असतील, मध्ये रिकामी जागा, तर ती आपली खाजोटी. इंटरप्टा म्हणजे तुटक, नाव त्यावरूनच. फुलोऱ्याला फांद्या फुटून भरगच्च घोस झाला असेल आणि त्यावर, देठांवर बारीक चिकट ग्रंथी असलेले केस असतील, तर एस्ट्युअन्सचा संशय घ्या. तुमच्या फोटोत फुलोरा नाही, त्यामुळे मी ठाम नाव देणार नाही. आणि आग झाली नसती, तर मी आधी खोकली नावाचं तण समजले असते. तिची पानंही लांबून अशीच दिसतात.

'आक्रमक' या शब्दाबद्दल मला थोडं बोलायचं आहे, कारण तो हल्ली कुठल्याही तणाला लावला जातो. नको तिथे उगवलं की ते तण. आक्रमक म्हणायला ते बाहेरून आलेलं हवं, आपणहून पसरणारं हवं आणि इथल्या झाडझाडोऱ्याचं किंवा माणसांचं नुकसान करणारं हवं. आपली खाजोटी पहिल्याच अटीवर सुटते. रानाच्या कडेला असेल तर तिला राहू द्या. ग्रेट एगफ्लाय फुलपाखराच्या अळ्या तिच्यावर वाढतात. माझ्या विहिरीमागचा पट्टा मी त्यासाठीच राखला आहे.

एस्ट्युअन्स मात्र आक्रमक 'होऊ शकते', ही शक्यता मी गांभीर्याने घेते. नर आणि मादी फुलं एकाच झाडावर, परागकण वाऱ्यावर, म्हणजे एक रोप आलं तरी पुढची पिढी होते. या कुळातल्या नरफुलांचे पुंकेसर कळीत वाकवून ठेवलेले असतात आणि फूल उघडताना स्प्रिंगसारखे सुटतात. सकाळी उन्हं आल्यावर फुलोऱ्याजवळ पाच मिनिटं थांबलात तर परागांचा बारीकसा धूर उडताना दिसेल. बी तिळाहूनही बारीक, मातीत दिसत नाही. तिला सावली, ओल आणि खणलेली माती मिळाली की पुरे.

म्हणजे नेमकी रोपवाटिका. हिरव्या जाळीखाली, फवाऱ्याखाली, बारा महिने. आंध्रातल्या कडियमसारख्या मोठ्या केंद्रांतून रोपं ट्रकने देशभर जातात, आणि प्रत्येक पिशवीबरोबर ओंजळभर मातीही जाते. याच कुळातली पिलिया मायक्रोफायला, ती बारीक मांसल पानांची, मूळची अमेरिकेतली. आज शहरातली क्वचितच एखादी नर्सरी तिच्यावाचून असेल. ती चावत नाही म्हणून कुणाचं लक्ष गेलं नाही, पण वाट तीच.

गाजर गवताचं उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे. १९५५ च्या सुमारास ते पुण्यात नजरेत भरलं, आयात गव्हाबरोबर आलं असं मानतात, आणि आज देशभर आहे. एस्ट्युअन्स तसं माळरान व्यापेल असं मला वाटत नाही. कोरड्या, उघड्या जमिनीत ती टिकायची नाही. मूळ उथळ, कंद नाही, जमिनीखालून पसरणं नाही. मला काळजी आहे ती सुपारी-केळीच्या वाड्यांची आणि रोपवाटिकांची. तिथे बेणणी करतात त्या बहुतेक बायका, उकिडव्या बसून, उघड्या हातांनी. आपल्या बाल्कनीत एकदा हात भाजला तर दोन दिवस लक्षात राहतो. त्यांचा तो रोजचा रोजगार आहे. वाडीत हे तण माजलं तर त्याची किंमत त्या हातांनी मोजायची आहे.

उपटायची कशी: पाणी घालून माती भिजवा. भांडी घासायचे जाड रबरी हातमोजे घाला, डॉक्टरी पातळ मोज्यांतून केस आरपार जातात. बाह्या पूर्ण. खोड मातीलगत धरा आणि सरळ वर ओढा, मुळासकट येतं. लगेच प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा आणि कुजेपर्यंत उन्हात ठेवा. फुलोरा आलेलं रोप कंपोस्टमध्ये घालू नका. कुंडीतली वरची बोटभर माती काढून त्याच पिशवीत टाका आणि वर नारळाच्या सोडणाचा जाड थर द्या. बारीक बियांना उजेड मिळाला नाही तर उगवण बरीच कमी होते. पुढचे दोन पावसाळे नजर ठेवा. वाफ्यात झालं असेल तर एप्रिल-मेमध्ये माती भिजवून पारदर्शक प्लॅस्टिक सहा आठवडे घट्ट अंथरा.

ग्रासकटर मात्र कधीही चालवू नका. सहा वर्षांपूर्वी टाकीमागचं खाजोटीचं रान मी ग्रासकटरने कापायला सांगितलं होतं. तुकडे उडाले, आमच्या गड्याच्या मानेवर आणि कोपरापर्यंत हातांवर गांधी उठल्या, एक डोळा सुजला, दवाखान्यात न्यावं लागलं. सांगितलं मी होतं, सोसलं त्याने. तेव्हापासून आमच्याकडे ही वनस्पती फक्त हाताने आणि फुलायच्या आधी निघते. नवीन आणलेली रोपंही महिनाभर वेगळ्या कोपऱ्यात राहतात.

एक विनंती आहे. सगळी रोपं आज काढा, एक ठेवा. ती कुंडी मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी, खाली ताट ठेवून. फुलोरा दिसला की बी धरायच्या आत त्याचा जवळून फोटो काढा, आणि ते रोप हातमोजे घालून वर्तमानपत्राच्या घडीत दाबून वाळवा. सोबत चिठ्ठी हवी: तारीख, गाव, कुंडीत की जमिनीत, रोप किती उंच. एस्ट्युअन्स निघाली तर तो नमुना पुण्याला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्रात किंवा मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजच्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, दाखवता येईल. पाकिटावर 'केस टोचतात' असं ठळक लिहा. फोटो इथेच टाका, फांद्या फुटलेल्या आहेत की एकच दोरी, एवढं दिसलं की मला सांगता येईल.