गोळ्या चालू असूनही दादाचा स्किझोफ्रेनिया परत परत का उसळतो? डॉक्टर म्हणतात घरातलं वातावरण बदला, म्हणजे चूक आमची आहे का?

ताई, आधी हे सांगतो की चूक तुमची नाही, तुमच्या आईवडिलांची पण नाही. घरच्यांच्या बोलण्यामुळं स्किझोफ्रेनिया होत नाही, तो मेंदूचा आजार आहे. पण एकदा झाला की तो परत उसळणार का, यात घरातल्या वातावरणाचा बराच हात असतो. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि हे कळायला आम्हाला भावाच्या तीन ॲडमिशन लागल्या.

आम्ही कोल्हापूरचे, मंगळवार पेठेत दोन खोल्यांचं घर. धाकट्या भावाला हे सुरू झालं तेव्हा आधी बाहेरचं काहीतरी आहे म्हणून नरसोबाच्या वाडीला वाऱ्या झाल्या, मग डॉक्टर. गोळ्यांनी कानातले आवाज थांबले, पोरगं घरी आलं, आणि पाच-सहा महिन्यांत परत तेच.

पप्पांचं रोज सकाळी एकच, "दहा वाजलं, अजून लोळतोयस, तुझ्या वयाची पोरं पगार आणाय लागली." आता अंगात उत्साहच न राहणं, आंघोळ नको वाटणं हे त्या आजाराचंच लक्षण असतं, पण पप्पांना तो आळस वाटायचा. आणि आई? आई कधी आवाज चढवून बोलली नाही. पण तो जेवायला बसला की समोर बसून घास मोजायची, रात्री दोनदा उठून पांघरूण वर करून बघायची, तो बाथरूममध्ये गेला की दाराबाहेर उभी, "बाळा, बरा हायस न्हवं?" बाळ 27 वर्षांचं. मला वाटायचं पप्पांमुळं बिघडतंय आणि आईमुळं सावरतंय. समुपदेशन करणाऱ्या मॅडमनी सांगितलं की ताण दोन्हीचा होतोय. आईला ते ऐकून रडू आलं, मला पण वाईट वाटलं, कारण तिनं त्याच्यासाठी स्वतःची झोप घालवली होती.

यावर अभ्यास जुना आहे. 1950 च्या दशकात लंडनला जॉर्ज ब्राउन या संशोधकांच्या लक्षात आलं की दवाखान्यातून आईवडिलांकडं किंवा बायकोकडं परत गेलेले पेशंट, भाड्याच्या खोलीत राहायला गेलेल्यांपेक्षा जास्त वेळा परत ॲडमिट होतायत. मग घरचे टोचून किती बोलतात, राग किती धरतात आणि काळजीपोटी किती गुंतून पडतात हे मोजायला लागले, त्याला एक्स्प्रेस्ड इमोशन म्हणतात. 1976 साली व्हॉन आणि लेफ यांनी आकडे दिले, 9 महिन्यांत अशा तापलेल्या घरातल्या 51 टक्के पेशंटना परत त्रास झाला, शांत घरातल्या 13 टक्क्यांना. त्यातलं मला सगळ्यात लागलेलं म्हणजे, तापलेल्या घरात गोळ्या चालू असून आठवड्याला 35 तासांपेक्षा जास्त वेळ घरच्यांच्या समोर असणाऱ्यांत 53 टक्के आणि त्यापेक्षा कमी वेळ असणाऱ्यांत 15 टक्के. म्हणजे तसलंच घर, तीच गोळी, फरक फक्त समोरासमोर काढलेल्या तासांचा. मी हिशोब केला तर आमच्याकडं 35 तास तीन दिवसांतच भरत होते.

मग आम्ही काय केलं तर आधी तास कमी केले. मामाचं लक्ष्मीपुरीत धान्याचं दुकान आहे, तिथं तो रोज चार तास बसायला लागला, वजन करायचं, पिशव्या बांधायच्या, जमेल तेवढं, आणि मामाला सांगून ठेवलं की कमी झालं तरी बोलायचं नाही. आई संध्याकाळी भजनी मंडळात जायला लागली, आधी महिनाभर तिथनं सारखे फोन करायची, मग थांबली. पप्पांना सगळ्यात जड गेलं. "आळशी" म्हणायचं नाही, एका वेळी एकच काम सांगायचं, ते पण नाव घेऊन, "दूध आणतोस काय?" एवढंच. चिडले की ते उठून रंकाळ्यावर एक फेरी मारून येतात. अजून चिडतात, माणूसच आहेत, पण आता ते आजारावर चिडतात, पोरावर नाही.

गोळी मात्र कुणाच्या सांगण्यावरून बंद करू नका, वातावरण सुधारलं तरी. आमच्याकडं झोप कमी झाली आणि टीव्ही आपल्याबद्दल बोलतोय असं म्हणायला लागला की आम्ही थांबत नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. चौथी ॲडमिशन अजून झालेली नाही, साडेचार वर्षं झाली.

आणि आईला हे पण सांगा की चंदीगडला झालेल्या अभ्यासात आपल्याकडच्या घरांत असं टोचून बोलणं लंडनपेक्षा बरंच कमी निघालं होतं. आपली घरं मुळात वाईट नाहीत. तिला मोकळं बोलायचं असेल तर टेलिमानसचा 14416 हा सरकारी फोन आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात, माझी आई दोनदा बोलली आहे.

तुमचा दादा दिवसातले किती तास घरात असतो आणि त्या वेळी समोर कोण असतं, हे प्रश्नात लिहिलं नाही तुम्ही. तेवढं खाली लिहा, मी बघतो.