ट्रॅप आणि रेगेटॉन मिक्स करतोयस ना, मग हे वाच

अरे बीट ऐकला तुझा, आयडिया भारी आहे पण ट्रॅपचे (हिप-हॉपचा एक प्रकार) हाय-हॅट म्हणजे झांजेचे टिकटिक आवाज आणि रेगेटॉनचा डेम्बो ठेका एकावर एक टाकले म्हणजे ब्लेंड झालं असं नसतं रे. ट्रॅप १४० बीपीएमला (मिनिटाला १४० ठोके) असला तरी अंगाला ७० चाच वाटतो, रेगेटॉन साधारण ९० ते १०० मधे चालतं, त्यामुळे ड्रम्स एकाच जॉनरचे ठेव आणि दुसऱ्याकडून कॉर्ड्स नाहीतर व्होकलचा ढंग घे.

तुझे किक (ड्रमचा जाड ठोका) आणि ८०८ (तो खोल बेसचा आवाज) एकमेकांच्या बोकांडी बसलेत, म्हणून फोनवर बेस गायब. ८०८ ला किकवरून साइडचेन लाव, म्हणजे किक वाजली की ८०८ क्षणभर खाली जाईल, थोडं सॅच्युरेशन (हलकं डिस्टॉर्शन) दे म्हणजे हार्मोनिक्स, म्हणजे मूळ सुराच्या वरचे सूर, छोट्या स्पीकरवर पण ऐकू येतात. (ओरिजिनल टीआर-८०८ ड्रम मशीन आलं १९८० मधे, तेव्हा फारसं खपलंच नव्हतं, बोल.)

मास्टरिंगला (गाण्याच्या शेवटच्या पॉलिशला) देताना लिमिटर (आवाज ठराविक पातळीवर अडवणारं टूल) काढ, २४ बिट वेव्ह दे.

आणि स्प्लिट शीट (गाण्यात कोणाचा किती हिस्सा ते लिहिलेला कागद) त्याच दिवशी, स्टुडिओतून उठायच्या आधी! मी एका दोस्ताला "बघू नंतर" म्हणालो, गाणं चाललं आणि साहेब मेसेज बघून गप्प. मिक्सिंगची फी वेगळी, प्रोड्युसरचा हिस्सा वेगळा, पॅकेज म्हणून दोन्ही एकात देऊन टाकू नकोस.