लाळेच्या टेस्टमध्ये ‘24 टक्के धोका’ आलाय. स्तन काढून टाकू का?

तुमचं वय 34, मावशीला 41व्या वर्षी स्तनाचा कॅन्सर झाला होता. ऑनलाइन किट मागवून लाळ पाठवलीत आणि रिपोर्ट आला: ‘पॉलिजेनिक स्कोअर वरच्या 10 टक्क्यांत, आयुष्यभराचा धोका 24 टक्के.’ म्हणून ऑपरेशनचं विचारताय.

या आकड्यावर नको, ताई. मी जेनेटिक कौन्सेलर आहे, असे रिपोर्ट पर्समध्ये घेऊन, झोप उडालेल्या बायका माझ्याकडे येतात. त्यांना मी आधी विचारते, हे 24 आले कुठून?

आपल्या डीएनएत ठिकठिकाणी एकेका अक्षराचे फरक असतात. एकटा फरक किरकोळ, पण शेकड्यांनी मोजले की बेरीज जाणवते. ही बेरीज म्हणजेच पॉलिजेनिक स्कोअर. 2019 साली प्रसिद्ध झालेला, बराच वापरला जाणारा स्कोअर असे 313 फरक मोजतो. वरच्या दहा टक्क्यांतल्या बाईला धोका सरासरीच्या साधारण दुप्पट. पण सरासरी कुठली? अमेरिकेत आयुष्यभरात आठांतल्या एकीला हा कॅन्सर होतो, म्हणजे 12-13 टक्के. त्याची दुप्पट केली की तुमचे 24 जवळपास जुळतात. आपल्याकडे हेच प्रमाण साधारण 28-29 बायकांत एक. त्याची दुप्पट सात टक्के. (शहरात प्रमाण जास्त आहे, तेव्हा सातही दगडावरची रेघ नव्हे.) शिवाय हा स्कोअर युरोपीय वंशाच्या बायकांवर बेतलेला. आशियाई बायकांतही तो चालतो, पण तितका नेमका नाही.

आणि मुळात तो किती नेमका? कॅन्सर झालेली एक आणि न झालेली एक, अशा दोघींपैकी झालेली कोण हे ओळखायचं, तर शंभरांत सुमारे 63 वेळा बरोबर. नाणं उडवलं तरी 50 वेळा जमतंच.

मला खरी काळजी वाटते ती मावशीच्या वयाची. 41 म्हणजे लवकर. अशा घरात बीआरसीए 1 आणि 2 ही जनुकं पूर्ण वाचायला हवीत. त्यांत बिघाड असेल तर वयाच्या ऐंशीपर्यंत स्तनाच्या कॅन्सरचा धोका सत्तर टक्क्यांच्या आसपास जातो, आणि ऑपरेशनचा विषय खरा तिथे निघतो. लाळेच्या किटमध्ये ही जनुकं बहुधा पूर्ण वाचलेली नसतात. कंपनीला तसं लेखी विचारा.

मावशी हयात असेल तर पहिली रक्ततपासणी तिची. बिघाड तिच्यात सापडला, तर तुमच्यात नेमका तोच शोधता येतो. तिच्यात काहीच सापडलं नाही, तर तुमच्या रक्तात शोधून फारसं हाती लागत नाही. तिची बायॉप्सीची जुनी फाईल मिळाली तर तीही आणा. ‘ट्रिपल निगेटिव्ह’ (म्हणजे तीन नेहमीच्या तपासण्या निगेटिव्ह आलेला कॅन्सरचा प्रकार) असं लिहिलेलं असेल तर बीआरसीएचा संशय वाढतो. आजोळी कुणाला अंडाशयाचा कॅन्सर झाला होता का, तेही आईला विचारा. आमच्या घराण्यात त्याला नुसतं ‘पोटाचं दुखणं’ म्हणत, म्हणून जरा खोदून विचारा.